चार सामुद्रधुन्या, सात दिवस

६ नोव्हेंबर, अलामेडा

मराठीत ‘हवाई’ या शब्दाची एक गंमत आहे. हवाई टपाल म्हणजे विमानाने आलेले टपाल आणि हवाई बेटे म्हणजे पॅसिफिक महासागराच्या मधोमध वसलेला द्वीपसमूह. त्यामुळे ‘हवाईच्या हवाई वाहतुकीचा इतिहास पाहायला आम्ही चाललो आहोत’ असे मी फ्रीमाँटला मुलीच्या घरी जाहीर केले, तेव्हा नातवाने एक ‘हवाई’ जास्तीची झाल्याचे माझ्या लक्षात आणून दिले. निवृत्त होण्यापूर्वी मी मुंबईच्या विमानतळावर एकतीस वर्षे लोडशीट भरत होतो. विमानात माणसे किती, सामान किती, टपाल किती, इंधन किती आणि या सगळ्यांचा तोल नेमका कोठे येतो, याचा हिशेब उड्डाणापूर्वी वैमानिकाच्या हाती देणे हे माझे काम होते. अशा माणसाला जुने विमान दिसले की त्याच्या पंखांपेक्षा त्याचे वजन आधी आठवते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

प्रवासाची सुरुवात आम्ही अलामेडापासून केली. तेथील जुन्या नौदल तळावर कॅलिफोर्निया राज्याने ९६८ क्रमांकाचे ऐतिहासिक स्थळ नोंदवले आहे. २२ नोव्हेंबर १९३५ रोजी पॅन अमेरिकन कंपनीचे ‘चायना क्लिपर’ हे चार इंजिनांचे मार्टिन एम-१३० जलविमान येथून होनोलुलूमार्गे मनिलाला निघाले. कप्तान एडविन म्युझिक, दिशादर्शक फ्रेड नूनन आणि त्यांच्यासह एकूण सात जणांचा ताफा त्यात होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरच्या नव्या पुलाचे बांधकाम तेव्हा चालू होते. ओझ्याने जड झालेले विमान पुरेसे वर चढेना, तेव्हा म्युझिकने ते पुलाच्या लोंबत्या तारांखालून बाहेर काढले. विमानात एक लाख दहा हजारांहून अधिक पत्रे होती आणि तिकीट काढलेला प्रवासी मात्र एकही नव्हता.

असे का, याचे उत्तर वजनाच्या हिशेबात आहे. येथून होनोलुलू सुमारे ३,८५० किलोमीटर दूर असून मध्ये टेकायला एक खडकही नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये म्युझिकने सिकोर्स्की एस-४२ हे विमान चाचणीसाठी नेले होते. त्यातील प्रवाशांची जागा इंधनाच्या टाक्यांनी व्यापली होती. जाताना साडेअठरा तासांच्या आसपास लागले, पण येताना समोरच्या वाऱ्याने ते विमान २३ तासांहून अधिक काळ हवेत अडकून राहिले आणि टाक्या जवळजवळ कोरड्या पडल्यावर उतरले. त्या हिशेबात माणसाला जागा मिळणे अवघडच होते. वृत्तपत्रांसाठी वाटेतून काही रंगतदार मजकूर पाठवावा, असा आग्रह झाला तेव्हा मितभाषी म्युझिकने केवळ सूर्यास्ताची वेळ कळवली, असे सांगतात. लोडशीटच्या खात्यात तो माणूस शोभला असता.

७ नोव्हेंबर, होनोलुलू

आमच्या विमानाला साडेपाच तास लागले. चायना क्लिपरला एकवीस तासांहून अधिक लागले होते आणि त्या काळच्या वेगवान प्रवासी बोटींना सुमारे साडेचार दिवस लागत. वाटेत खिडकीतून पाण्याशिवाय काहीही दिसत नाही. सौभाग्यवतींनी दोन वेळा डोकावून पाहिले आणि झडप ओढून घेतली. मला मात्र ऑगस्ट १९२७ मधली ती दुर्दैवी शर्यत आठवत राहिली. अननसाचे उद्योजक जेम्स डोल यांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून, होनोलुलू ज्यावर वसले आहे त्या ओआहू बेटावर सर्वप्रथम पोहोचणाऱ्या विमानाला २५,००० डॉलरचे बक्षीस लावले होते. आर्ट गोबेल आणि विल्यम डेव्हिस यांच्या ‘वूलारॉक’ने सव्वीस तासांहून थोड्या अधिक वेळात ते पटकावले, परंतु शर्यतीपूर्वीचे अपघात, वाटेत बेपत्ता झालेली दोन विमाने आणि त्यांच्या शोधात जाऊन स्वतःच नाहीसे झालेले तिसरे विमान यांत मिळून दहा जणांचे प्राण गेले. एवढे घडल्यावर या समुद्रावरून तिकीट विकून माणसे नेण्याचे धाडस कोणी लगेच केले नाही, यात नवल नाही.

होनोलुलूच्या विमानतळाला आज सिनेटर डॅनियल इनोये यांचे नाव आहे. १९२७ साली त्याचे उद्घाटन झाले तेव्हा ते जॉन रॉजर्स विमानतळ होते. या रॉजर्सची हकीकत कौआई बेटाची आहे, म्हणून ती तेथे पोहोचल्यावर सांगेन. संध्याकाळी आम्ही धावपट्टीच्या कडेने जाणाऱ्या लगून ड्राइव्ह या रस्त्यावर गाडी उभी केली. एका बाजूला कीही खाजणाचे शांत पाणी आणि दुसऱ्या बाजूला धावपट्टी अशी ही जागा आहे. युद्धकाळात या खाजणातच जलविमानांसाठी गाळ उपसून पाण्याच्या धावपट्ट्या आखल्या गेल्या होत्या.

ज्या कथेसाठी मी आलो होतो ती क्लिपरची नव्हतीच. क्लिपर विमानांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांची नावे भारदस्त, छायाचित्रे देखणी आणि प्रवासी श्रीमंत होते. परंतु मुख्य भूमीहून तिकीट काढून विमानाने हवाईला येणे १९३६ साली शक्य झाले आणि बेटाबेटांमधली नियमित विमानसेवा त्याच्या सात वर्षे आधी, ११ नोव्हेंबर १९२९ रोजी सुरू झाली होती. बाहेरचे जग बेटांपर्यंत पोहोचण्यापूर्वी बेटे एकमेकांपर्यंत पोहोचली होती. आणि हे काम केले ते एका बोटकंपनीने.

इंटर-आयलंड स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी बेटांदरम्यान आगबोटी चालवत असे. होनोलुलूहून सर्वांत मोठ्या बेटावरच्या हिलोला जायचे तर रात्रभराचा प्रवास असे, आणि मधल्या सामुद्रधुन्यांत वाऱ्याला आणि लाटांना खळ नसल्यामुळे बहुतेकांना बोट लागत असे. कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या पिढीला यापुढचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. माझी आई वेंगुर्ल्याहून एकदा बोटीने आली, त्यानंतर ‘लिंबू’ हा शब्द उच्चारला तरी ती तोंड फिरवत असे. कंपनीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा मुलगा स्टॅनली केनेडी पहिल्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या विमानांतून उडून आला होता. बोटींच्या या कंपनीने विमाने घ्यावीत, असा त्याने ध्यास घेतला आणि जानेवारी १९२९ मध्ये ‘इंटर-आयलंड एअरवेज’ची नोंदणी झाली. ऑक्टोबरमध्ये एका छोट्या बेलांका विमानातून ओआहूवरच्या सहली सुरू झाल्या. लोकांना विमानात बसण्याची सवय लागावी, हा त्यामागचा उघड हेतू असावा. पुढच्याच महिन्यात सिकोर्स्की एस-३८ ही विमाने नियमित सेवेत आली.

एस-३८ चे चित्र मी वहीत चिकटवून आणले होते. होडीच्या आकाराचा धड, वर रुंद पंख, खाली आखूड पंख, मध्ये दांड्यांचे जाळे, त्या जाळ्यात टांगलेली दोन इंजिने आणि मागे दोन दांड्यांच्या टोकाला जोडलेले शेपूट, असे ते आठ प्रवाशांचे उभयचर विमान होते. विमानाचे सुटे भाग एकत्र उडत आहेत, अशी त्याची थट्टा होत असे. परंतु केनेडीची निवड अचूक होती. बेटांवर धड धावपट्ट्या नव्हत्या, म्हणून पाण्यावर उतरता आले पाहिजे. जेथे मैदान असेल तेथे चाके टाकता आली पाहिजेत. आणि सामुद्रधुनीवर इंजिन बंद पडलेच तर विमानाची होडी झाली पाहिजे. बोटवाल्याने घेतलेले विमान शेवटी बोटच निघाले.

८ नोव्हेंबर, पर्ल सिटी

पर्ल हार्बरच्या आतल्या भागात पर्ल सिटी नावाचे एक द्वीपकल्प पाण्यात घुसले आहे. पॅन अमेरिकनचा तळ तेथे होता. क्लिपर विमाने जवळच्या पाण्यावर उतरत आणि प्रवासी धक्क्यावर पाय ठेवत. आज तो भाग नौदलाकडे असल्यामुळे बाहेरच्या माणसाला थेट आत जाता येत नाही. आम्ही जवळच्या ब्लेसडेल उद्यानातून पलीकडे पाहिले. पाणी राखाडी आणि स्थिर होते. दोन मुले गळ टाकून बसली होती आणि त्यांच्या बादलीत काहीच नव्हते.

माझ्या पाकिटात लहानपणापासून जपलेले एक टपाल तिकीट होते. २२ नोव्हेंबर १९३५ रोजी, म्हणजे चायना क्लिपरच्या उड्डाणाच्याच दिवशी निघालेले हे निळे तिकीट पंचवीस सेंटांचे आहे. अर्धा औंस पत्र होनोलुलूपर्यंत नेण्याचा दर तेवढाच होता. मनिलापर्यंत पंचाहत्तर सेंट पडत. माझ्या तिकिटावर शिक्क्याची अर्धीच कड उमटली आहे, त्यामुळे ते कोणत्या गावाहून गेले ते कळत नाही. गिरगावातल्या एका जुन्या बाजारात वडिलांनी ते दोन रुपयांना घेतले होते. पाण्याकडे पाहत ते तिकीट हातात धरल्यावर त्या जलविमानांच्या अर्थकारणाचा विचार मनात आला. पत्र भूक लागली म्हणून तक्रार करत नाही, त्याला झोपायला खाट लागत नाही आणि त्याचे वजन अर्धा औंस असते. विमानकंपनीच्या दृष्टीने त्याहून सोयीचा प्रवासी दुसरा नाही. म्हणूनच सुरुवातीचे वर्षभर पॅसिफिकवर पत्रांनीच प्रवास केला आणि २१ ऑक्टोबर १९३६ रोजी ‘हवाई क्लिपर’ मूठभर प्रवासी घेऊन निघाले. सॅन फ्रान्सिस्को ते मनिला हे एकेरी भाडे ७९९ डॉलर होते. मंदीच्या त्या वर्षांत एवढी रक्कम सामान्य माणसाच्या वर्षभराच्या कमाईशी स्पर्धा करणारी होती.

त्या देखण्या विमानांचे पुढे काय झाले, ते मात्र थोडक्यात सांगून मोकळे व्हावेसे वाटते. म्युझिक आणि त्याचे सहा सहकारी जानेवारी १९३८ मध्ये सामोआजवळ ‘सामोअन क्लिपर’ला झालेल्या स्फोटात गेले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ‘हवाई क्लिपर’ ग्वाम आणि मनिला यांच्या दरम्यान पंधरा जणांसह नाहीसे झाले आणि त्याचा आजवर पत्ता लागलेला नाही. ‘चायना क्लिपर’ १९४५ साली त्रिनिदादच्या बंदरात उतरताना बुडाले. फ्रेड नूनन १९३७ सालीच वैमानिक अमेलिया इअरहार्टबरोबर बेपत्ता झाला होता.

दुपारी फोर्ड बेटावरचे विमानसंग्रहालय पाहिले. ते युद्धाविषयी आहे आणि चांगले आहे, पण माझा विषय तेथे एका कोपऱ्यात उरकला जातो.

९ नोव्हेंबर, मोलोकाई

आज पहिली सामुद्रधुनी ओलांडली. ओआहू आणि मोलोकाई यांच्यामधल्या या पट्ट्याला काइवी म्हणतात. रुंदी सुमारे ४२ किलोमीटर आहे. विमान नऊ आसनांचे, एका इंजिनाचे होते. खिडकीशी आम्हांला एका काट्यावर उभे केले गेले आणि हातातल्या पिशव्यांसकट आमचे वजन घेतले गेले. सौभाग्यवतींनी माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की मी आकड्याकडे पाहिलेच नाही. “अहो, एकतीस वर्षे तुम्ही लोकांना हेच करत होतात का?” असे त्यांनी विचारले. मोठ्या विमानात आपण प्रत्येक प्रवाशाचे सरासरी वजन धरतो, कारण शे-दोनशे माणसांत जास्त-कमी आपोआप जुळते. आठ-नऊ जणांच्या विमानात सरासरी चालत नाही, कारण दोन जाड माणसे मागच्या आसनांवर बसली तरी शेपूट खाली जाते, असे मी समजावून सांगितले. एस-३८ मध्येही आठच प्रवासी होते. हा काटा आणि हा संकोच तेव्हाच्या प्रवाशांच्याही वाट्याला आला असणार.

मोलोकाईवर आम्ही भाड्याची गाडी घेऊन दक्षिण किनाऱ्याने पूर्वेकडे गेलो. १५ जुलै १९२७ रोजी अर्नी स्मिथ आणि एमरी ब्राँटी हे दोघे ओकलंडहून पंचवीस तासांहून अधिक उडून आले, ओआहू गाठण्यापूर्वीच इंधन संपले आणि त्यांचे विमान येथल्या कियावेच्या झाडोऱ्यात कोसळले. दोघेही चालत बाहेर आले. मुख्य भूमीवरून हवाईला पोहोचलेले ते पहिले बिनलष्करी विमान होते. कियावेचे झाड जवळून पाहिले तेव्हा मला ते ओळखीचे वाटले. तीच बारीक पाने, तेच काटे आणि त्याच पिवळट शेंगा आपल्याकडच्या वेड्या बाभळीला असतात. दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. एवढ्या काटेरी गादीवर पडून जे वाचले, त्यांचे नशीब खरोखरच बळकट म्हणायचे.

संध्याकाळी माउईकडे निघताना वारा वाढला. विमान दीड तास उशिरा सुटले आणि वजनाची मर्यादा गाठल्यामुळे एक पिशवी मागे ठेवावी लागेल, असे सांगण्यात आले. ती पिशवी माझी होती. आयुष्यभर मी इतरांचे सामान उतरवले, त्याची ही सव्याज परतफेड समजून मी गप्प राहिलो. पिशवी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पायलोलो ही दुसरी सामुद्रधुनी अरुंद आहे, पण ओलांडताना दोन वेळा असा खड्डा लागला की समोरच्या आसनावरच्या बाईंनी देवाचे नाव घेतलेले मला स्पष्ट ऐकू आले.

१० नोव्हेंबर, माउई

माउई हे दोन पर्वतांचे बेट आहे. पूर्वेला तीन हजार मीटरहून उंच हालेआकाला, पश्चिमेला जुना झिजलेला पर्वतसमूह आणि दोहोंच्या मध्ये सखल चिंचोळा प्रदेश. ईशान्येचा व्यापारी वारा या दोन भिंतींमधून फनेलासारखा घुसतो आणि दक्षिण किनाऱ्यावर मालाइया येथे समुद्राकडे बाहेर पडतो. इंटर-आयलंडने माउईवरचे आपले पहिले विमानतळ नेमके या मालाइयाला केले. सपाट जागा आणि जवळ पाणी या दोन गोष्टी तेथे होत्या, आणि १९२९ साली त्या पुरेशा होत्या.

आम्ही मालाइयाच्या किनाऱ्यावर गाडीतून उतरलो, तेव्हा दार उघडायला जोर लावावा लागला आणि मिटताना ते आपणहून आदळले. सौभाग्यवतींची ओढणी उडाली आणि कुंपणाच्या तारेत जाऊन अडकली. तेथे आता छोट्या नौकांचे बंदर, सुट्टीसाठीच्या सदनिका आणि एक मत्स्यालय आहे. विमानतळ कोठे होता, याची खूण मला सापडली नाही. डोंगराच्या धारेवर मात्र पवनचक्क्यांची रांग उभी आहे आणि ती पाती त्या सकाळी थांबायचे नाव घेत नव्हती. ज्या वाऱ्याने वैमानिकांना जेरीस आणले, त्याच वाऱ्यावर आज माउईचे दिवे जळतात. मला ती रांगच मालाइया विमानतळाचे खरे स्मारक वाटली, जरी ते उभारणाऱ्यांच्या मनात तसे काही नव्हते.

विमाने मोठी झाली तशी ही जागा अपुरी पडू लागली. १९३५ साली कंपनीने सोळा प्रवाशांची सिकोर्स्की एस-४३ विमाने आणली. एस-३८ च्या दुप्पट माणसे बसणारे, अधिक वेगवान आणि वाऱ्यात उतरवायला अधिक लांब मैदान मागणारे हे विमान होते. पर्वताच्या कुशीतून जरा बाजूला, उसाच्या शेतांमध्ये पुऊनेने येथे नवे विमानतळ झाले. युद्धात नौदलाने ते वापरले आणि युद्धानंतर नागरी वाहतूक उत्तर किनाऱ्यावरच्या काहुलुईला गेली, ती आजही तेथेच आहे. पुऊनेनेच्या पट्ट्यावर आता मोटारींच्या शर्यती होतात. आम्ही गेलो तेव्हा तेथे कोणी नव्हते. काँक्रीटच्या फटींतून गवत वर आले होते आणि आजूबाजूची उसाची जमीन पडीक होती, कारण पुऊनेनेचा साखर कारखाना, हवाईतला शेवटचा, २०१६ च्या अखेरीस बंद पडला. साखर कारखान्याचे थंड पडलेले धुराडे पाहण्याची सवय महाराष्ट्रातल्या माणसाला असते, तरीही ते दृश्य पाहून वाईट वाटलेच.

सुरुवातीच्या विमानांतून प्रवास कोणी केला, याचे उत्तर याच जमिनीत आहे. मळ्यांचे व्यवस्थापक, व्यापारी, सरकारी अधिकारी, सुखवस्तू पर्यटक आणि कधी तातडीने होनोलुलूला न्यायचा रुग्ण. ऊस तोडणाऱ्या जपानी आणि फिलिपिनो मजुराला विमानाचे भाडे परवडणारे नव्हते. तो बोटीच्या खालच्या वर्गानेच जात राहिला. १९३४ सालच्या ऑक्टोबरपासून बेटांमधले टपाल विमानाने जाऊ लागले, आणि त्या दिवसापासून मजुराने घरी लिहिलेले पत्र मात्र त्याच्या साहेबाच्या शेजारी बसून प्रवास करू लागले.

११ नोव्हेंबर, हिलो

आजची तारीख आम्ही जाणूनबुजून साधली होती. १९२९ साली याच दिवशी इंटर-आयलंडचे पहिले नियमित उड्डाण होनोलुलूहून माउईमार्गे हिलोला झाले. पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीचा तो स्मृतिदिन होता आणि आजही अमेरिकेत या दिवशी सुट्टी असते. त्यामुळे हिलोचे ग्रंथालय आम्हांला बंद मिळाले. तारखेचा हट्ट धरणाऱ्याने सुट्ट्यांची यादी आधी पाहावी.

काहुलुईहून हिलोला जाताना तिसरी सामुद्रधुनी लागते. तिचे नाव आलेनुइहाहा आणि रुंदी सुमारे ४८ किलोमीटर आहे. वारा हालेआकाला आणि मोठ्या बेटावरचे ज्वालामुखी यांच्या कात्रीत सापडतो, म्हणून होड्यांचे नाखवे या पट्ट्याला आजही मान देतात. आमच्या जेट विमानातून खाली फक्त पांढऱ्या फेसाचे ठिपके दिसत होते. ठिपके एकामागून एक उमटत आणि विरत. त्या उंचीवरून ते दळलेल्या मिठासारखे दिसले, परंतु एस-३८ च्या वैमानिकाला प्रत्येक ठिपक्याची उंची किती फूट असेल याचा अंदाज बांधत जावे लागले असेल, कारण प्रसंग आलाच तर त्याला त्यावरच उतरायचे होते. माउई आणि लानाई यांच्यामधली छोटी फेरी सोडली तर आज या बेटांदरम्यान प्रवासी बोट नाही. युद्धानंतर इंटर-आयलंडची प्रवासी जहाजे बंद झाली आणि २००७ साली सुरू झालेली एक वेगवान फेरीसेवा २००९ मध्ये थांबली. शेजारच्या बेटावर आजोळ असेल तरी विमानानेच जावे लागते. केनेडीच्या विमानांनी केनेडीच्याच बोटी गिळल्या.

हिलोचा उपसागर अर्धचंद्राकृती आहे आणि सकाळपासून पाऊस रिपरिपत होता. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा पॅन अमेरिकनचे ‘अँझॅक क्लिपर’ होनोलुलूपासून तासाभराच्या अंतरावर होते. रेडिओवर बातमी कळताच कप्तानाने दिशा बदलली आणि याच उपसागरात विमान उतरवले. प्रवाशांत ब्रह्मदेशाचे तेव्हाचे पंतप्रधान ऊ सॉ हेही होते. त्याच सकाळी जॉन रॉजर्स विमानतळावर माउईला निघण्याच्या तयारीत असलेल्या डी.सी.-३ विमानावर जपानी विमानांच्या गोळ्या लागल्या. इंटर-आयलंड एअरवेजने त्याच वर्षी नाव बदलून ‘हवाईयन एअरलाइन्स’ केले होते आणि तीन नवी डी.सी.-३ विमाने ओकलंडहून थेट उडवत आणली होती. चाकांवर उतरणारी, पाण्याशी नाते तोडलेली ती विमाने होती. उभयचरांचे दिवस तेथून संपत आले.

उपसागराच्या कडेने चालताना पाऊस वाढला, म्हणून एका खाणावळीत शिरलो. भात, त्यावर मांसाची चकती, वर तळलेले अंडे आणि सगळ्यावर दाट रस्सा, असा ‘लोको मोको’ नावाचा पदार्थ समोर आला. सौभाग्यवती शाकाहारी असल्यामुळे त्यांना नुसता भात आणि अंडे मिळाले. शेजारच्या टेबलावर ऐंशीच्या घरातले एक जपानी वंशाचे आजोबा बसले होते. विमानांचा विषय निघताच ते म्हणाले की त्यांच्या घरात ‘टी.पी.ए.’नेच जायचे, असा नियम होता. त्या तीन अक्षरांचा अर्थ मला ठाऊक होता. रडी टाँग या चिनी वंशाच्या प्रकाशकाने १९४६ साली युद्धातून उरलेली डी.सी.-३ विमाने घेऊन ट्रान्स-पॅसिफिक एअरलाइन्स काढली. गोऱ्या मळेवाल्यांच्या वर्तुळातल्या जुन्या कंपनीकडून आशियाई वंशाच्या लोकांना मिळणारी वागणूक त्यामागे होती, आणि ‘लोकांची विमानकंपनी’ असे तिचे बिरुद होते. हीच पुढे ‘अलोहा एअरलाइन्स’ झाली आणि २००८ सालच्या ३१ मार्चला तिचे शेवटचे प्रवासी विमान उतरले. “त्या दिवशी मी विमानतळावर गेलो होतो,” एवढे बोलून आजोबांनी चहाचा पेला उचलला. जुन्या कंपनीविषयी त्यांनी एकही वाईट शब्द काढला नाही. काढला असता तर मला त्यांचे मन कमी कळले असते.

१२ नोव्हेंबर, कौआई

हिलोहून होनोलुलूला परतून पुन्हा विमान बदलले आणि चौथी, सर्वांत रुंद सामुद्रधुनी ओलांडली. ओआहू आणि कौआई यांच्यामध्ये सुमारे ११५ किलोमीटर पाणी आहे.

आता जॉन रॉजर्सची राहिलेली हकीकत सांगतो. ३१ ऑगस्ट १९२५ रोजी अमेरिकी नौदलाचा हा अधिकारी चार सहकाऱ्यांसह पीएन-९ या जलविमानातून सॅन फ्रान्सिस्कोजवळून हवाईला निघाला. इंधन संपले आणि विमान समुद्रावर उतरले. कोणी शोधायला येईना, तेव्हा त्यांनी खालच्या पंखांचे कापड फाडून त्याची शिडे केली आणि विमान होडीसारखे हाकारत पश्चिमेकडे नेले. नऊ दिवसांनी, सुमारे ७२० किलोमीटर अंतर कापून ते कौआईच्या किनाऱ्याजवळ आले, तेव्हा एका पाणबुडीने त्यांना पाहिले. पुढच्याच वर्षी रॉजर्स एका साध्या विमान अपघातात गेला. होनोलुलूच्या विमानतळाला त्याचे नाव दिले गेले ते त्यानंतर. हवाईच्या मुख्य विमानतळाला ज्याचे नाव पहिल्यांदा मिळाले, तो माणूस विमानाने नव्हे तर शिडाने पोहोचला होता.

बेटाच्या दक्षिणेस हानापेपे गावाजवळ पोर्ट ॲलन येथे कौआईचे पहिले विमानतळ, बर्न्स फील्ड, आजही आहे. १९५० साली लिहुएचे विमानतळ होईपर्यंत बेटाचे दार म्हणजे ही जागा. लाल मातीच्या भूशिरावर एक आखूड धावपट्टी, दोन-तीन छपरे आणि सहलीच्या हेलिकॉप्टरांचा घरघराट, एवढेच तेथे आहे. धावपट्टीला लागूनच मिठागरे आहेत. काही हवाईयन कुटुंबे पिढ्यान्पिढ्या तेथे मातीच्या उथळ वाफ्यांत मीठ पिकवतात. लाल मातीने रंगलेले हे मीठ विकायचे नाही, द्यायचे, असा त्यांचा रिवाज आहे. हेलिकॉप्टरांचा पसारा वाढू नये, म्हणून या कुटुंबांनी तक्रारीही केल्या आहेत. मीठ उन्हाळ्यातले पीक असल्यामुळे आम्ही गेलो तेव्हा वाफे पाण्याखाली होते. वसई-विरारकडची मिठागरे पावसाळ्यात दिसतात तसेच ते दिसत होते, फक्त बांधांचा रंग विटकरी होता.

वाफ्यांच्या कडेला, रस्त्यावरच उभे राहून आम्ही विमान उतरण्याची दिशा ताडून पाहिली. समुद्रावरून येऊन, मिठागरांना वळसा घालून, वाऱ्याला तोंड देत टेकायचे, असा तो मार्ग असावा. एक हेलिकॉप्टर उठले तेव्हा वाफ्यांतल्या पाण्यावर बारीक शहारा उमटला आणि आमच्या बुटांच्या टोकांशी येऊन थांबला. मी वही काढली आणि जुन्या सवयीने एक ओळ लिहिली: पोर्ट ॲलन, प्रवासी दोन, सामान पिशव्या दोन, मीठ नाही. सौभाग्यवतींनी ती वाचून वजनाचा रकाना रिकामा का, असे विचारले. तो भरण्याची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळच्या विमानात आम्हांला पेरू, संत्रे आणि पॅशन फळ यांच्या रसाचा, वर चंदेरी झाकण चिकटवलेला छोटा पेला मिळाला. झाकण नखाने सोलून काढेपर्यंत कौआई मागे पडले होते. खाली सामुद्रधुनीवर अंधार होता आणि त्यात एकाही बोटीचा दिवा नव्हता. रस अर्धा झाला असेल-नसेल, तोच हवाईसुंदरी रिकामे पेले गोळा करत आली, आणि मी उरलेला रस घाईघाईने संपवला.